नव्या ओळीचं बटण

माणिकपूरला आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे. खाली चष्म्यांचं दुकान आणि झेरॉक्सवाला. कुठला माल गोदामातून निघाला आणि कुठे पोहोचला याच्या शीट ठेवणं हे माझं काम. काय करतेस असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते, मग लोक ‘म्हणजे कॉम्प्युटरवर’ असं म्हणतात, मी हो म्हणते आणि विषय संपतो. ऑफिसात कुणाची शीट बिघडली की मला हाक मारतात. शीट सहसा बिघडलेली नसतेच, वापरणाऱ्याने भलत्याच ठिकाणी टाइप केलेलं असतं. पण हे तोंडावर सांगितलं तर दुसऱ्या दिवशी चहाला कुणी विचारत नाही.

मॅक्रो मी तिथेच शिकले. शिकले कसली, कंटाळले म्हणून शोधून काढलं. आमच्या शीटमध्ये रोज नव्या ओळी घालाव्या लागत. ओळ हाताने घातली की अनुक्रमांक तुटायचे, चौकटीच्या रेघा यायच्या नाहीत आणि खालची बेरीज नव्या ओळीला मोजायचीच नाही. दर वेळी हे सगळं निस्तरायला लागायचं. मॅक्रो म्हणजे आपण एकदा केलेली कामं कॉम्प्युटरने टिपून ठेवायची आणि पुन्हा सांगितलं की तशीच्या तशी करून दाखवायची. मी एकदा नीट ओळ घातली, ती टिपून घेतली, एक बटण काढलं, त्यावर ‘नवी ओळ’ असं लिहिलं. दाबलं की मथळ्याच्या खाली, सगळ्यांच्या वर, रेघांसकट आणि अनुक्रमांकासकट कोरी ओळ हजर. साहेबांना शीट उघडल्या उघडल्या ताजा माल पहिल्यांदा दिसायला हवा असायचा, म्हणून वर. त्यांनी माझं कौतुक केलं आणि मग आणखी चार शीट माझ्या गळ्यात मारल्या.

हे सगळं सांगायचं कारण माझ्या धाकट्या भावाचं लग्न. माझं स्वतःचं झालेलं नाही, आणि तो इथला विषय नाही.

आम्ही नंदाखालचे ख्रिस्ती. पप्पा प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले, आता वाडीतली केळी आणि नारळ बघतात. अक्षर मोत्यासारखं, आणि खाडाखोडीचा तिटकारा इतका की एक शब्द चुकला तर पान फाडून पुन्हा लिहायचे. लग्नाच्या बोलावण्याची यादी करायला बसले आणि दोन दिवसांत अर्धी वही फाडून झाली. एखादं घर मध्येच आठवायचं, मग ते दोन नावांच्या फटीत बारीक अक्षरात बसवायचं, मग ते पप्पांना बघवायचं नाही. शेवटी मीच म्हटलं, लॅपटॉपवर करू या. पप्पांनी चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून घेतली. एका बोटाने टाइप करायचे, प्रत्येक अक्षरानंतर वर बघायचे, पण चूक सहज पुसता येते हे कळल्यावर त्यांना लॅपटॉप आवडायला लागला.

आता यादीचं सांगते. कार्डाचा फोटो आमच्याकडेही मोबाइलवर सगळ्यांना जातो. पण त्याला कुणी आवतण म्हणत नाही. आवतण म्हणजे घरी जाऊन, उंबऱ्याच्या आत पाय ठेवून, कार्ड हातात देऊन सांगणं. ते देणारी माणसंही ठरलेली, नवऱ्या मुलाचा मामा आणि सोबत कुणीतरी एक. आणि त्याचा क्रम असतो. पहिलं कार्ड गावच्या क्रुसापाशी ठेवायचं, त्यानंतरचं पहिलं आवतण भावकीतल्या थोरल्या घरी, मग मानाप्रमाणे बाकीची घरं. क्रम चुकला तर लोक जेवायला येतात, पण चुकल्याचं विसरत नाहीत. कुणाच्या तरी लग्नात आपलं घर कितव्या नंबरला आलं हे सांगणारी माणसं आमच्या गावात अजून आहेत, आणि ती लग्नं लागलेली जोडपी आता आजी-आजोबा झालीत.

आमच्या भावकीतलं थोरलं घर मोठ्या काकांचं. मोठे काका म्हणजे पप्पांचे सख्खे थोरले भाऊ. त्यांचं घर आमच्या घराला लागून, मध्ये केळीची एक पट्टी आणि तारेचं कुंपण. यादीत त्यांचं नाव नव्हतं.

आजोबा गेल्यावर विहीर दोघांत राहिली आणि मोटारीच्या पाळ्या ठरल्या. एका उन्हाळ्यात मोठे काका वेलांकन्नीच्या यात्रेला गेले ते मोटारीच्या खोलीला कुलूप घालून, किल्ली खिशात टाकून. मुद्दाम की विसरून, हे त्यांनाच ठाऊक. ते परत येईपर्यंत आमच्या नव्या लावलेल्या केळीने माना टाकल्या होत्या. पप्पांनी त्यांना भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, आजपासून तू माझा भाऊ नाहीस असं सांगितलं. पप्पांनी तसं म्हणायला नको होतं. काकांनी किल्ली न्यायलाही नको होती. मी तेव्हा कॉलेजात होते आणि दोघांचाही मला सारखाच राग आला होता. पुढे आम्ही बोअर मारली आणि बोलण्याची उरलीसुरली गरजही संपली.

मम्मी आणि काकू मात्र कुंपणावरून शेवग्याच्या शेंगा आणि देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, बातम्या एकमेकींना देत राहिल्या. भांडण पुरुषांचं होतं. पण मोठ्या काकांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडे आवतण आलं नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या मांडवात बँड वाजत होता आणि पप्पा आमच्या वाडीत केळीची वाळलेली पानं कापत होते. कापण्यासारखी पानं संपली तरी ते बाहेरच होते. मम्मीने त्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. त्या दिवशी मला पप्पांची फार दया आली होती, आणि त्यांना ती कळू नये म्हणून मी त्यांच्याशी उगाचच वीजबिलावरून वाद घातला.

तेव्हा आता भावाच्या लग्नात मोठ्या काकांना बोलवायचं म्हणजे काय, हे सगळ्यांना समजत होतं. पप्पांनी बोलावलं आणि ते आले नाहीत, तर गावासमोर दुसऱ्यांदा नाक कापलं गेलं. भावाने यादीच्या पहिल्याच दिवशी चाचरत विचारलं होतं, काकांचं काय करायचं. पप्पा ‘पुढचं नाव सांग’ म्हणाले. मग पहिल्या ओळीत पप्पांच्या एका चुलत भावाचं नाव गेलं, वयाने मोठ्या काकांच्या खालोखाल तेच. ते लिहिताना पप्पांनी फार वेळ घेतला. मला वाटलं अक्षरं सापडत नसतील.

घरातली आमची बोली मी इथे लिहीत नाही. ती कागदावर आली की नाटकातल्यासारखी वाटते. मम्मी आणि मामा जसे बोलतात तसं मात्र लिहिते. ती दोघं पूर्वेकडच्या भातशेतीच्या गावची, त्यांच्या तोंडी ण येत नाही, आणि तो घालून लिहिलं तर ती कुणी दुसरीच माणसं वाटतील.

यादी मानाप्रमाणे सरळ टाइप करून झाली, पण नावं आठवायची थांबेनात. पप्पा मध्येच ओळ घालायला जायचे आणि एखादं अख्खं घर पुसून टाकायचे. एकदा मथळाच गेला. मी ऑफिसातून आले की आधी ते निस्तरायचं. म्हणून ऑफिसातलं बटण मी घरच्या यादीत आणून बसवलं. नाव आठवलं की बटण दाबा, कोरी ओळ येईल, तिच्यात लिहा, बाकी कशाला हात लावू नका. पप्पांनी ते लगेच दाबून बघितलं. ओळ आली. त्यांनी माझ्या भावाच्या ऑफिसातल्या, विरारच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मित्राचं नाव घातलं, आणि बघतात तर तो मित्र पहिल्या नंबरवर, चुलत काकांच्याही वर.

पप्पांना ते अजिबात चालेना. यादी छापायच्या आधी मी सगळं जागेवर लावीन असं मी सांगून बघितलं, पण मधल्या काळात तरी तो मुलगा तिथे का, हा त्यांचा प्रश्न होता. शाळेत उशिरा आलेल्या पोराला पहिल्या बाकावर बसवत नाहीत, म्हणाले. कॉम्प्युटरला मान कळत नाही हे त्यांना समजत होतं, पण मला कळायला हवा होता. मी वैतागले, पण बदल करायला चहा निवण्याइतकाच वेळ लागला. त्या दिवसापासून बटण दाबलं की नवी ओळ सगळ्यात खाली, बेरजेच्या वर यायला लागली. पप्पांनी पुन्हा पुन्हा दाबून खात्री केली, त्या मित्राला खाली हलवायला आणि कोऱ्या ओळी पुसायला मला लावलं आणि समाधानाने उठले. नंतरची सगळी नावं त्यांनी एकट्याने घातली. दुपारी मी ऑफिसात आणि मम्मी शेजारी गेली की ते लॅपटॉप उघडून बसायचे.

मामाने आवतणाला निघायचं ठरलं त्याच्या आदल्या दिवशी मी फाइल ऑफिसात नेली. घरच्या प्रिंटरची शाई सुकली होती. जेवणाच्या सुट्टीत खाली झेरॉक्सवाल्याकडे उभी राहिले, त्याने प्रिंट काढली आणि गरम कागद माझ्या हातात दिला. पहिल्या ओळीत मोठ्या काकांचं नाव होतं.

मी ते दोनदा वाचलं. नंतर लक्षात आलं की त्या ओळीला चौकट नव्हती. खालच्या सगळ्या घरांना चारी बाजूंनी रेघा, आणि ही ओळ उघडी. वर जाऊन फाइल उघडली. बाकीच्या ओळींत अनुक्रमांकाच्या जागी मी घातलेलं सूत्र होतं, त्यामुळे वर कुणी शिरलं की सगळे आपोआप एक-एक घर खाली सरकायचे, आणि ते तसे सरकले होते. या ओळीत सूत्र नव्हतं. नुसता एक होता, बोटाने टाइप केलेला. बटणाने आलेली ओळ अशी येऊच शकत नाही. आणि बटण आता ओळ वर घालतही नव्हतं.

म्हणजे पप्पांनी हाताने ओळ घातली होती. जे त्यांना येत नव्हतं आणि जे करायला मी बजावून मनाई केली होती ते. कुठल्या तरी दुपारी त्यांनी माउसचं उजवं बटण दाबून, त्या इंग्रजी यादीतला शब्द शोधून, काहीही न पुसता पहिल्या नंबरच्या डोक्यावर एक ओळ उघडली होती. आधी किती वेळा बिघडवून पूर्ववत केली असेल कोण जाणे. मला सांगितलं असतं तर मी अर्ध्या मिनिटात करून दिली असती. म्हणूनच सांगितलं नसावं.

पप्पांना फोन करावा असं मनात आलं. मग काय बोलणार, या विचाराने केला नाही. चौकट नीट करून पुन्हा प्रिंट काढावी असंही वाटलं. तेही केलं नाही. दोन प्रती पाकिटात घातल्या आणि संध्याकाळी मामाच्या हातात दिल्या.

मामा साधा माणूस. यादी म्हटलं की पहिल्यापासून शेवटपर्यंत जायचं एवढंच त्याला माहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रुसापाशी कार्ड ठेवून तो आणि त्याचा मुलगा सरळ मोठ्या काकांच्या दारात गेले. आम्ही घरातून बघत होतो, म्हणजे मी आणि भाऊ बघत होतो. पप्पा वर्तमानपत्र वाचत होते. मामा आत गेला, थोड्या वेळाने बाहेर आला, पुढच्या घराकडे वळला. आरडाओरडा झाला नाही, कार्ड अंगणात आलं नाही.

दुपारी मामा जेवायला आला तेव्हा मम्मीने वाढता वाढता विचारलं, पयलं कोनाकडं गेलास. मामाने सांगितलं. मोठे काका कार्ड हातात घेऊन विचारत होते म्हणे, की इथे पहिलं आलात का.

“मी सांगितलं, यादीत पयलं नाव तुमचंच हाय,” मामा म्हणाला. “मग त्यांनी कार्ड आल्तारावर, येशूच्या पायापाशी ठेवलं. पानी दिलं. बाकी काय बोलले नाहीत.”

मम्मीचा हात भांड्यावर थांबला. तिने पप्पांकडे बघितलं. भावानेही बघितलं. पप्पांनी भात कालवला, घास घेतला, तो गिळला आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “ते हिचं बटण. नवी ओळ वर घालतं. मी खाली घालायला गेलो होतो.”

सगळे माझ्याकडे वळले. खरं काय ते त्या खोलीत पप्पांना आणि मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे पप्पांना माहीत होतं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं, हो, बिघडलंय ते. मग आमटी मागितली.

पुढचं मला कळायला हवं होतं. मामाने ही गंमत पुढच्या घरांत सांगितली. यादी कॉम्प्युटरची, आवतण कॉम्प्युटरने दिलं, असं हसत हसत गावात फिरलं. चुलत काकांना आपण दुसरे का झालो याचं कारण मिळालं आणि त्यांचा राग गेला. नाक्यावर रिक्षावाल्यानेही मला विचारलं, ताई, आमचं नाव कितवं आलं. मी हसले. घरात पप्पा अगदी आरामात होते. मोठे काका आले तर आले, नाही आले तर यंत्राची चूक. त्यांनी आपल्या भावाला बोलावलं होतं आणि बोलावलं नव्हतंही. शाळामास्तर माणूस, पळवाट नीट आखून ठेवली होती.

मग एका सकाळी काकूने कुंपणावरून मम्मीला सांगितलं की ह्यांनी कार्ड आल्तारावरून काढून कपाटात टाकलंय. गावातलं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले म्हणे, यंत्राने बोलावलंय तर यंत्राला जाऊ दे जेवायला.

मम्मी घरात आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “तुझं ते बटन नीट कर, नायतर कोनाला तरी खरं सांग. मला मधी घालू नको.” तिला माहीत होतं की काय, हे मी विचारलं नाही. मम्मी ऐकते पुष्कळ, बोलते मोजकं.

आता माझी अडचण अशी. बटण बिघडलंय हे खोटं टिकवलं, तर मोठे काका येणार नाहीत. ते आले नाहीत की पप्पा आयुष्यभर, यंत्राची चूक होती, असंच म्हणत राहणार आणि वाडीत वाळलेली पानं शोधत फिरणार. आणि खरं सांगितलं, तर ज्या माणसाने भर रस्त्यात भाऊ नाही म्हटलं त्याने दुपारी चोरून त्या भावाला पहिला नंबर दिला हे उघड होणार, आणि पप्पा ते मला माफ करणार नाहीत. मी काहीच केलं नाही. अशा वेळी मी काही करत नाही, हा माझा स्वभाव आहे. माझ्या भावाला याची चीड येते.

लग्नाला थोडे दिवस उरले असताना मोठे काका आमच्या ऑफिसात आले. रिसेप्शनवरच्या मुलीने कुणीतरी म्हातारे आलेत असं सांगितलं, मी बाहेर गेले तर ते उभे. धुतलेला सदरा, हातात बँकेचं पासबुक. बँकेत काम होतं म्हणून आलो, म्हणाले. बँक माझ्या ऑफिसाच्या वाटेवर नाही. त्यांच्याशी मी रस्त्यात भेटल्यावर मान हलवण्यापलीकडे कितीतरी वर्षांत बोलले नव्हते. मी त्यांना आत नेलं, माझ्या शेजारची रिकामी खुर्ची दिली. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

“ते यंत्र बघायचंय,” ते म्हणाले.

मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगायचं ठरवलं असतं तरी कुठून सुरुवात करावी हे मला सुचलं नसतं. घरच्या यादीची एक प्रत माझ्या कॉम्प्युटरवर होती, ती उघडली. पहिल्या ओळीत ते स्वतःच होते. त्यांनी स्वतःचं नाव वाचलं, ओठ हलवून. मग मी स्क्रीनवरच्या बटणाकडे बोट दाखवलं आणि ते दाबलं. कोरी ओळ आली, सगळ्यात खाली.

त्यांनी मान पुढे काढली. ओळ कुठे आली हे त्यांना आधी सापडेना, मी फूटपट्टीने दाखवलं.

“परत दाब.”

मी परत दाबलं. परत खाली.

मग त्यांनी स्वतः दाबायचं म्हटलं. माउस त्यांच्या हाताखाली दिला. त्यांचा हात केळीचे लोंगर उचलणारा, जाड, माउस त्याच्याखाली दिसेनासा झाला. त्यांनी दाबलं, खाली बघितलं, पुन्हा दाबलं. यादीच्या शेवटी कोऱ्या ओळींचा ढीग लागला. पलीकडच्या टेबलावरचा सहकारी वळून बघायला लागला, मी त्याच्याकडे रागाने बघितलं तेव्हा तो आपल्या कामाला लागला.

“वर कसं घालतात मग?” काकांनी विचारलं.

“वर हाताने घालावं लागतं.”

त्यांनी पासबुक एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

“त्याला येतं हाताने घालायला?”

“येत नव्हतं,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग स्क्रीनकडे, आपल्या नावाच्या त्या उघड्या ओळीकडे. त्यांचे डोळे भरले. त्यांनी ते लपवले नाहीत, नुसतं सदऱ्याच्या बाहीने पुसले. मी कोऱ्या ओळी एकेक करून पुसत बसले, कारण मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं आणि उठून जाणंही बरं दिसलं नसतं. चहा सांगितला तो त्यांनी घेतला नाही. उठताना एवढंच म्हणाले की मी इथे आलो होतो हे त्याला सांगू नकोस. मी नाही सांगणार म्हटलं. जिन्यापर्यंत गेले त्यांच्यासोबत. खाली चष्म्याच्या दुकानापाशी ते घटकाभर थांबले आणि मग रिक्षा स्टँडकडे गेले.

घरी मी काही बोलले नाही. काकूने कार्डाचं काय झालं ते सांगितलं नाही आणि मम्मीने विचारलं नाही.

लग्नाच्या दोन दिवस आधी सकाळी मांडव घालायचा होता. मंडपवाल्याची माणसं बांबू आणि पडदे घेऊन लवकर आली. आमच्याकडे मांडवाची पहिली मेढ भावकीतल्या थोरल्याने रोवायची असते, मग बाकीचं माणसं उरकतात. चुलत काका तयार होऊन आले होते, उपरणंसुद्धा घेऊन. पप्पा मात्र काही ना काही निमित्त काढत होते. आधी म्हणाले सगळ्यांनी चहा घ्या. चहा झाला. मग म्हणाले अंगण झाडून घ्या. झाडून झालं. मंडपवाला घड्याळ बघायला लागला, त्याला आगाशीला दुसरं काम होतं. चुलत काकांनी पहार उचलली तेव्हा पप्पा म्हणाले की जरा थांबा, ऊन तिकडून येतं, जागा बघू. जागा वर्षानुवर्षं तीच आहे.

मी दारात उभी होते. पप्पा कुणाची वाट बघतायत हे मला दिसत होतं, भावाला दिसत होतं, मला वाटतं मंडपवाल्यालाही दिसत होतं. त्या क्षणी मला पप्पांचा राग आला. इतका पसारा करायचा आणि चार पावलं चालून जायचं नाही.

कुंपणाची तार वाजली. मोठे काका फाटकाने आले नाहीत, केळीच्या पट्टीतून आले, तार वाकवून, लहान असताना आम्ही जायचो तसे. खांद्यावर त्यांची स्वतःची पहार होती. चुलत काकांनी आपल्या हातातली पहार भिंतीला टेकवली आणि मागे सरकले, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

मोठे काका पप्पांसमोर येऊन उभे राहिले. दोघांची उंची सारखीच आहे हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

“तुझं ते बटण दुरुस्त झालं का?” मोठ्या काकांनी विचारलं.

“नाही झालं,” पप्पा म्हणाले.

“राहू दे तसंच,” मोठे काका म्हणाले. “खड्डा कुठे घेऊ, सांग.”

पप्पांनी नुसतं बोट दाखवलं, आणि मोठ्या काकांनी पहार मारली.